शेतीचे अवजार, नग एक

भंडारा रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून वर्षाकाठी दोन-तीनदा एक सागाची फळी वॉल्टेअरला, म्हणजे विशाखापट्टणमला, रवाना होत असे. पावतीवर मालाचे वर्णन 'शेतीचे अवजार, नग एक' असे लिहिलेले असायचे. पाठवणारा, घेणारा आणि पावती फाडणारा माणूस एकच होता. आंध्रच्या किनाऱ्यावरच्या शहरात शेतीचे अवजार कशासाठी, असे विचारणे ज्याचे काम, तोच ते पाठवत असल्यामुळे तो प्रश्न कोणी विचारला नाही.

स्टेशनभोवतीच्या वस्तीत, म्हणजे वरठीत, त्यांना पार्सलबाबू म्हणत. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून काही वर्षे मी त्यांच्या घरात एका खोलीचा भाडेकरू होतो. नागपूरच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो आणि रोज गाडीने जाऊन-येऊन नोकरी करत होतो. संध्याकाळच्या पॅसेंजरमधून उतरलो की पार्सल ऑफिसच्या खिडकीतून आवाज यायचा.

"काय पेपरवाले, उपसागरात काय सुरू हाय?"

हवामानाच्या बातम्या रेडिओवर यायच्या, पण आमच्या टेलिप्रिंटरवर त्या थोड्या आधी आणि थोड्या सविस्तर येत. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला असे मी सांगितले की बाबू हातातले काम बाजूला ठेवायचे. तो किनाऱ्यापासून किती दूर आहे, कोणत्या दिशेने सरकतो आहे, बंदरांवर कितव्या नंबरचा बावटा लावला आहे, हे सगळे विचारून घ्यायचे. मग थोडा विचार करून निकाल द्यायचे. "हे लहान हाय. यात दम नाई." किंवा नुसते "हं." त्या 'हं'चा अर्थ दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज पडणार असा होता. रेल्वे नोकरांना वर्षाला मोजकेच फुकट पास मिळत. बाकीचे लोक ते लग्नांना आणि तीर्थयात्रांना वापरत. बाबू ते वादळांना वापरत, आणि पास वाया जाऊ नये म्हणून वादळ निवडून घेत.

ते तिथे जाऊन काय करत, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होते आणि कोणालाही नीट समजलेले नव्हते. ते लाटांवर उभे राहत.

याची सुरुवात त्यांच्या पहिल्या बदलीत झाली. तरुणपणी त्यांना वॉल्टेअरला पाठवले होते. लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीसारख्या धानाच्या गावातून गेलेल्या या माणसाने तोवर तलावापेक्षा मोठे पाणी पाहिले नव्हते. तिथले कोळी चार ओंडके दोरीने बांधून त्यावर समुद्रात जायचे आणि परतताना मोठ्या लाटेच्या पाठीवर गुडघे टेकून किनाऱ्यापर्यंत यायचे. बाबूंच्या मनात आले, की हे गुडघे टेकून येतात, आपण तर उभे राहतो.

धानाच्या बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या खाचरात, रोवणीच्या आधी चिखल सपाट करायला पाटा फिरवतात. बैलांच्या मागे आडवी फळी बांधायची, तिच्यावर माणसाने उभे राहायचे, हातात कासरा धरायचा. बैल चालतात, फळी चिखलपाण्यावरून घसरत जाते आणि वरचा माणूस तोल सांभाळतो. आमच्याकडचा प्रत्येक शेतकरी हे करतो आणि कोणालाही त्यात विशेष वाटत नाही. बाबूंच्या वडिलांनी आयुष्यभर केले होते. त्यांच्या पाट्यावर मधोमध दोन उथळ खळगे पडले होते, त्यांच्या तळपायांचे. वडील गेल्यावर बाबूंनी वाटणीत शेताचा आग्रह धरला नाही, फक्त तो पाटा मागितला. त्याचे एक टोक त्यांनी सुताराकडून नावेच्या नाकासारखे निमुळते करून घेतले. शेतात पाटा आडवा ओढतात, समुद्रात तो उभा चालतो, एवढाच फरक, असे ते सांगत.

"बैल नाई, कासरा नाई, तरी पाटा पयते," ते म्हणायचे. "मांगून कोणीतरी उचलून धरल्यासारखं वाटते. उतराचं मनच होत नाई."

घरी असले की अंगणात एक गोल ओंडका आडवा टाकायचे, त्यावर पाटा ठेवायचे आणि वर उभे राहायचे. चहा तिथेच उभ्याने प्यायचे. दाढीही तिथेच करायचे, त्यामुळे गालावर बहुधा एक तरी ताजी चीर असायची. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणत असे, कपबशी हात लांब करून द्यायच्या आणि परत घ्यायच्या. दोघांपैकी कोणालाच त्यात काही वेगळे वाटत नसे. बाबू ठेंगणे होते, घोटे जाड, पायाची बोटे फाकलेली. उन्हाळ्यात ओसरीवर जमणारे लोक त्यांची टिंगल करत. एकाने विचारले होते, बाबू, भंडाऱ्यात समुद्र केव्हा येते? त्यावर ते ओंडक्यावरून न उतरता म्हणाले होते, "तुमी जागा करून ठेवा. बाकी माह्यावर सोडा."

समुद्राबद्दल त्यांना जे ठाऊक होते ते सगळे वैनगंगेवरून ठाऊक होते. हे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे.

नदीला पूर येतो तो इथल्या पावसाने नव्हे. वर, बालाघाट-शिवनीच्या बाजूला पाऊस पडतो, तो ओसरतो, आणि त्यानंतर पाणी खाली पोहोचते. भंडाऱ्यात लख्ख ऊन पडलेले असते आणि कारध्याच्या पुलाखाली नदी चढत असते. एका पावसाळ्यात पूल बंद होऊन दोन्ही काठांना माणसे अडकली होती. मी बातमीसाठी गेलो होतो, बाबू माझ्याबरोबर सायकलवर आले होते. एका पोलिसाला लोक घेरून विचारत होते, पाणी अजून चढणार का. बाबूंनी काठावर रोवलेल्या काडीकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले आणि म्हणाले, "पानी आलं म्हणजे वरचं थांबलं. दुपारपावतर उतरते." पाणी दुपारी उतरले. लोकांनी त्यांना चहा पाजला. पोलिसानेही नाव विचारून घेतले.

वादळाचेही तसेच, असे ते मानत. वादळ दूर कुठेतरी उपसागरात होते, संपते, आणि मग त्याच्या लाटा किनाऱ्याला पोहोचतात. आकाश निरभ्र, वारा नाही, आणि लांबून एकामागून एक रुंद, गुळगुळीत लाटा येत आहेत, असे दिवस त्यांनी तिथे पाहिले होते. त्या लाटा म्हणजे संपलेल्या वादळाचा पूर, असा त्यांचा समज होता. बहुतेक वेळा त्यांनी निवडलेली वादळे दुसरीकडेच किनाऱ्याला लागली, ओरिसात किंवा खाली नेल्लूरकडे. त्यामुळे हा समज अनेक वर्षे खरा ठरत राहिला.

काकूंना मूल नव्हते. त्या लग्न होऊन दिघोरीला आल्या तेव्हा बाबूंचा धाकटा भाऊ देवराम नुकता चालायला लागला होता आणि सासू अंथरुणाला खिळलेली होती. देवरामला त्यांनीच वाढवले. बाबूंची बदली वरठीला झाली, घर झाले, पण देवराम शेतावर राहिला. तो महिन्यातून एकदा एस.टी.ने यायचा. येताना तांदूळ आणायचा, वहिनीच्या हातचे खाऊन झोपायचा. तो उंच होता आणि फार बोलत नसे. पण ओंडक्यावरच्या पाट्यावर तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा मी अंगणात होतो. बाबूंना तिथे स्थिर व्हायला क्षणभर लागायचा, हात थोडे वर जायचे. देवराम चढला आणि हात खिशात घालून उभा राहिला. बाबू त्याच्याकडे बघत राहिले. त्यानंतर ते वॉल्टेअरच्या गोष्टी देवरामसमोर जास्त वेळ सांगू लागले.

काकूंनी ते ओळखले. एके संध्याकाळी जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितले. मी पानावर होतो. आवाज चढलेला नव्हता.

"तुमी जा. तुमच्या नावचं कुंकू पुसा लागलं तं मी पुसीन. पण देवरामले नेऊ नका."

बाबू म्हणाले, त्याले कोण नेऊन राहिलं.

"मी सांगून ठेवलं," त्या म्हणाल्या आणि भात वाढला.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची एक दिवाळी. देवरामचे लग्न ठरले होते. हलका धान कापून झाला होता, उशिरा पिकणारा भारी धान अजून उभा होता. तो कापला की लग्न. देवराम लग्नाची खरेदी करायला आला आणि भंडाऱ्याच्या बाजारातून कोऱ्या चामडी चपला घेऊन आला. त्याच दिवशी मी खिडकीतल्या प्रश्नाला उत्तर दिले होते, की पट्टा खोल झाला आहे, वादळ होण्याची चिन्हे आहेत. बाबू "हं" म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी बाबू रायपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसले. पुढे रायपूरहून वॉल्टेअरची गाडी मिळे. पाटा ब्रेकव्हॅनमध्ये होता. देवराम सकाळीच गावी जातो म्हणून निघाला होता. काकूंना त्यात वावगे वाटले नाही. तीन दिवसांनी त्या खोली झाडत असताना त्यांना खाटेखाली चपला दिसल्या, कागदात नीट गुंडाळलेल्या. लग्नाच्या कोऱ्या चपला मागे ठेवून कोणी माणूस गावी जात नाही. खाऱ्या पाण्याने चामडे खराब होते, म्हणून त्या मागे राहिल्या होत्या. देवराम भावाबरोबर समुद्रावर गेला आहे, हे काकूंच्या तिथल्या तिथे लक्षात आले.

त्याच दिवशी दुपारी माझ्या टेबलावर एजन्सीची बातमी आली होती. वादळ विशाखापट्टणमच्या जवळ किनाऱ्याला धडकले, झाडे पडली, तारा तुटल्या, रेल्वेमार्गावर पाणी आले. शेवटी एक ओळ होती. तिचे मी भाषांतर केले: 'वादळाच्या आधी समुद्रात उतरलेला एक जण बेपत्ता असून तो बाहेरगावचा असल्याचे समजते.' संध्याकाळी स्टेशनवर उतरलो तेव्हा पार्सलची खिडकी बंद होती आणि तिच्यासमोर काकू उभ्या होत्या. त्यांनी विचारले, तुमच्या मशीनवर काही आलं का. मी ती ओळ होती तशी सांगितली.

"बाहेरगावचा," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तिथं तं दोघंबी बाहेरगावचेच."

तारा तुटल्या होत्या. रेल्वेच्या फोनवरूनही काही कळत नव्हते. पूर्वेकडून येणारी प्रत्येक गाडी काकूंनी फलाटावर उभे राहून पाहिली. वस्तीतल्या बाया त्यांच्याजवळ बसून उठून गेल्या. कोण उतरेल यावर त्यांचे काय ठरणार होते हे सगळ्यांना कळत होते, त्यामुळे कोणी धीर देत नव्हते. बाबू उतरावेत असे म्हटले तर देवराम गेला असे म्हटल्यासारखे होत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबू उतरले. धोतर कोणाचे तरी दुसऱ्याचे होते. काकूंनी त्यांच्या मागे डब्याच्या दाराकडे पाहिले. दारातून आणखी दोन-तीन माणसे उतरली, गाडी निघाली. काकू फलाटावर खाली बसल्या. कपाळाचे कुंकू होते तसे होते. त्यांनी विचारले, "पाटा कुठं हाय?"

"मांगच्या गाडीनं. पार्सलमधी."

"म्हणजे पाटा येऊन राहिला."

नंतर त्या उठून घरी गेल्या.

काय घडले ते बाबूंनी मला एकदाच सांगितले. पहिल्या दिवशी ऊन होते आणि लाटा त्यांनी आजवर पाहिलेल्या सगळ्यांपेक्षा मोठ्या आणि देखण्या होत्या. एकच पाटा असल्यामुळे दोघे आळीपाळीने जात होते. देवराम दुपारपर्यंत उभा राहायला शिकला. "माह्यापेक्षा चांगला," बाबू म्हणाले. "लाट संपे तरी तो उभाच." कोळ्यांनी त्या दिवशी आपले ओंडके पार वर, ताडांच्या रांगेपर्यंत ओढून नेले होते. बाबूंना वाटले, लाटांना घाबरले. संध्याकाळी एक म्हातारा कोळी त्यांच्यापाशी आला, समुद्राकडे बोट करून म्हणाला, "वस्तुंदी."

बाबूंना तेलुगू येत होती ती पार्सल ऑफिसपुरती. त्यातले दोन शब्द त्यांनी वॉल्टेअरच्या खिडकीत रोज वापरले होते. माल आला असला तर 'वच्चिंदी', यायचा असला तर 'वस्तुंदी'. म्हणजे शब्दाचा अर्थ त्यांना बरोबर कळला. येते आहे. काय येते आहे, हे त्यांनी विचारले नाही. देवरामने विचारले, म्हातारा काय म्हणते? बाबूंनी सांगितले, अजून लाटा येऊन राहिल्या म्हणते.

दुसऱ्या सकाळी आकाश दुधट झाले होते आणि लाटा दुपटीने वाढल्या होत्या. देवराम पाण्याकडे बघत थांबला. तुफान इकडं तं नाई येणार, असे त्याने भावाला विचारले. बाबूंनी कारध्याच्या पुलावर दिले होते तेच उत्तर दिले. पाणी आले म्हणजे वरचे थांबले. दुपारपर्यंत उतरते.

देवराम गेला. एका लाटेवर उभा राहून आला, हसला, पुन्हा गेला. मग वारा सुटला. बाबू सांगत होते की वारा सुटला नाही, भिंत पडावी तसा पडला. पावसाने समोरचे दिसेना. ओरडलेले स्वतःलाच ऐकू येत नव्हते. कोळ्यांनी त्यांना ताडांपर्यंत ओढून नेले. वादळ निघून गेल्यावर पाटा किनाऱ्यावर सापडला. देवराम सापडला नाही.

दिघोरीला तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, पुतळा करून त्याला अग्नी दिला. मुलीच्या घरच्यांनी निरोप पाठवला आणि नंतर तिचे दुसरीकडे जमवले. उभा धान शेजाऱ्यांनी कापून दिला.

बाबूंनी पुन्हा पास काढला नाही. पण रेडिओ ऐकणे थांबले नाही. मला विचारणेही थांबले नाही, फक्त उपसागरात काही सुरू असले की ते 'हं' म्हणत नसत. ते खिडकी सोडून फलाटावर जायचे आणि रायपूरकडच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांमध्ये फिरायचे. "समुद्रावर जाऊन राहिले का?" असे प्रत्येकाला विचारायचे. ते लोक भिलाईला कामाला जाणारे असत, डोंगरगडला देवीला जाणारे असत, गोंदियाला लेकीकडे निघालेले असत. बाबू त्यांना सांगायचे, "लाट पहिले येते. तुफान मांगून येते. ध्यानात ठेवा." लोक मान हलवायचे. काही जण मागे वळून डोक्याशी बोट फिरवायचे. पूर्वी त्यांची टिंगल करणारी माणसे त्या वेळी दुसरीकडे बघत. एका म्हातारीने त्यांना विचारले होते, की बाबा, मी तं तुमसरले जाऊन राहिली, मले कायले सांगता? ते म्हणाले, कोणाले तरी सांगजा.

काकू त्यांच्याशी बोलत होत्या. भाजीबद्दल, पाण्याबद्दल, पाहुण्यांबद्दल. देवरामचे नाव दोघांच्या बोलण्यात येत नव्हते. अंगणातला ओंडका त्यांनी फोडून जाळला. पाटा जाळला नाही, तो दिघोरीला पाठवला, त्याच्या कामावर. चपला त्यांनी कुठे ठेवल्या हे मला माहीत नाही.

मी नंतर नागपूरला राहायला गेलो. दोन-तीन वर्षांनी, आषाढात, त्या भागात दुसऱ्या कामाने गेलो होतो, तेव्हा दिघोरीला त्यांच्या शेतावर गेलो. देवरामचे शेत आता बाबूच करत होते, रोवणीपुरती रजा काढून. गडी मिळत होता, पण पाट्यावर ते दुसऱ्या कोणाला उभे राहू देत नसत. टोक निमुळते केल्यामुळे पाटा त्या बाजूने चिखलाला टेकत नव्हता आणि बांधीत एका अंगाला उंचवटा राहत होता. काकू साडी खोचून त्या अंगाला पायाने चिखल दाबत होत्या. नवीन पाटा करून घ्या, असे गडी म्हणत होता.

मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहिलो. काकू बांधीच्या या टोकाला, धुऱ्यालगत थांबल्या होत्या, पाय पाण्यात. पलीकडच्या टोकाला बाबू पाट्यावर चढले, वडिलांच्या खळग्यांत पाय ठेवले. गड्याने बैल हाकले. पाटा पाण्यात सरकला आणि पाण्याची एक बारीक वळी निघाली, बैलांच्या पायांतून पुढे झाली, बांधी ओलांडून आली आणि काकूंच्या घोट्याला लागली. पाटा अजून अर्ध्यावरसुद्धा आला नव्हता.

बाबूंनी कासरा खेचला. बैल थांबले. ते काकूंच्या पायांकडे बघत होते. हा माणूस लहानपणापासून या बांधीत पाटा बघत आला होता, पण पाट्याच्या पुढे धावणारी ही वळी त्याला आजच दिसली.

"पाह्य," ते तिथूनच म्हणाले. "लाट पहिले आली. मी अजून इथंच हाय."

काकूंनी खाली पाण्याकडे पाहिले. वळी धुऱ्याला लागून परत फिरली होती.

"हे त्याले सांगाचं होतं," त्या म्हणाल्या, आणि वाकून उंचवट्याकडचा चिखल हाताने दाबू लागल्या. गड्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि बैल हाकले.